शिल्लक

खाण बंद होणार ही कुजबुज सप्टेंबरपासूनच होती.
पत्र आलं ऑक्टोबरच्या सहा तारखेला,
आणि पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात :
आरोग्य विमा एकतीसपर्यंत.

म्हणजे पंचवीस दिवस.
मी फ्रिजवरचं कॅलेंडर काढून टेबलावर आडवं ठेवलं
आणि घरातली माणसं दुरुस्तीला काढली.

आधी सायमाचे डोळे. चष्मे दोन करून घेतले,
दुसरा जरा सैल, पुढच्या वर्षीच्या नाकासाठी.
मग ऑस्करची दाढ. ती दुखत नव्हती अजून,
पण दुखायचा विचार करतेय, असं दातांची डॉक्टर म्हणाली.
मग मी. तीन वर्षं पुढे ढकललेली तपासणी.
गार पाट्यांमध्ये छाती दाबून धरताना
मशीनवरची बाई हळूच म्हणाली,
"या महिन्यात अख्खं गाव येऊन गेलं इथे."
मला हसू आलं,
पण श्वास रोखून धरायचा होता.

बाकीची तयारी आम्हाला नवी नाही.
उत्तर मिनेसोटात हिवाळा दरवर्षी नोटीस देऊनच येतो.
तळघरात बटाटे, फ्रीझरमध्ये अख्खं हरीण,
बर्चची लाकडं भिंतीला लावून छातीइतकी.
शेजारच्या व्हर्नाने स्नोमोबिल विकली,
मी शिवणयंत्र विकायला काढलं आणि परत आत नेलं.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, मान्य.
पण पायच मोडला,
तर अंथरुणाकडे बघून काय करायचं?

"तुझं काय?" मी रेनोला विचारलं.
"मला काय धाड भरलीय," तो म्हणाला,
आणि कुऱ्हाड घेऊन मागच्या अंगणात गेला.
सहा ओंडके फोडले की तो थांबायचा,
रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा.
मला वाटायचं, ट्रकचा आवाज ऐकतोय.
बावीस वर्षं त्या ट्रकांची इंजिनं उघडली त्याने.

सत्तावीस तारखेला
शेवटची औषधं भरून आणायची म्हणून
मी त्याची रक्तदाबाची बाटली टेबलावर उपडी केली.
दोन ऑगस्टला नव्वद आणल्या होत्या.
शहाऐंशी दिवस, रोज एक.
चार उरायला हव्या होत्या.

उरल्या सत्तेचाळीस.

पुन्हा मोजल्या, दहादहाचे ढीग करून.
या घरात पहिल्यांदाच हिशेबापेक्षा काही जास्त निघालं
आणि माझ्या पोटात गोळा आला.

अर्धी. रोज अर्धी.
खिशातल्या चाकूने, मोरीवर उभा राहून,
आम्ही उठायच्या आधी.
आणि तेही ऑगस्टपासून! पत्र नव्हतं, कुजबुज नव्हती,
ट्रक दिवसरात्र धावत होते.
पण नव्या टायरची मागणी गेली नाही कंपनीकडून,
हे त्याला दिसलं असणार.
तो काही बोलला नाही. आधी स्वतःलाच कापत बसला,
चाकूच्या पात्याएवढं, बारीक.

भांडायचं ठरवून मी दारापर्यंत गेले.
तो ओंडक्यावर बसला होता, हातमोजे काढून,
तळहातांकडे बघत. श्वासाची वाफ फार भरभर येत होती.
मी काहीच बोलले नाही. त्याच्या शेजारी बसले.
लाकूड गार होतं.

"किती मोजल्यास?" त्यानेच विचारलं.
"सगळ्या."

अठ्ठावीसला सकाळी सातला दवाखान्याचा फोन लागतो.
सात वाजून एका मिनिटाने मी तो लावला.
मग कॉफीसोबत त्याच्या हातावर गोळी ठेवली
आणि उभी राहिले.
सवयीने त्याचा दुसरा हात खिशाकडे गेला,
चाकूपर्यंत, आणि थांबला.

खर्चाच्या वहीत, दूध आणि रॉकेलच्या खाली,
त्या दिवशी मी लिहिलं :
रेनो, एक. आख्खी.